बोटीच्या इंजिनचा टेम्परेचर काटा उड्या मारून राहिला? सेंडर बदलायच्या आधी हे करा

मी नागपूरचा, पण काम रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर, डिझेल इंजिनच्या बोटी पाहतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की फोन सुरू होतात, भाऊ काटा एकदम लालमध्ये जाऊन राहिला अन लगेच खाली येऊन राहिला, सेंडर बदलू का? थांबा जी. सेंडर म्हणजे इंजिनमध्ये बसवलेला, पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर. आधी काटा कसा हलतो ते पाहा.

इंजिनमधलं पाणी एका सेकंदात तीस-चाळीस डिग्री गरम होत नाही आणि तितकं थंडही होत नाही. म्हणून काटा झटक्यात उडत असेल तर बहुतेक वेळा वायरिंगची गडबड असते, आणि हळूहळू चढून हळूहळू उतरत असेल तर पाण्याची, म्हणजे स्ट्रेनरमध्ये (तलावातून ओढलेलं पाणी गाळणारी जाळी) शेवाळ, झिजलेला इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं पातं), अडकणारा थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) नाहीतर एअर लॉक (पाण्याच्या रस्त्यात अडकलेली हवा). एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, कूलंट, म्हणजे इंजिनमध्ये फिरणारं थंड ठेवणारं पाणी, खूप कमी झालं तर सेंडर हवेत उघडा पडतो आणि इंजिन तापत असताना मीटर थंड दाखवू शकतं, त्यामुळे काटा खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून लेव्हल पाहा, गरम असताना अजिबात नाही. एक्झॉस्टमधून पाणी नेहमीसारखं येते का तेही पाहा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा, चकचकीत धातूवर तो चुकीचं, कमी दाखवतो.

आता वायरिंग. काटा कुठे उडतो ते महत्त्वाचं आहे. बहुतेक मीटरमध्ये सेंडरची वायर कुठे तुटली, ढिली झाली तर काटा थंडकडे पडतो, आणि घासून बॉडीला टेकली तर सरळ फुल गरमकडे जातो. पंप किंवा लाइट लावल्यावरच काटा हलतो, किंवा बाकीचे मीटरही सोबत हलतात, तर अर्थिंग पाहा. आमच्या एका बोटीत हेच झालं होतं, नवीन सेंडर टाकला तरी बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) सुरू झाला की काटा उडायचा. दोन दिवस गेले. शेवटी डॅशबोर्डमागची अर्थ वायर हाताने ओढली तर थिंबलमधून (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा) निघूनच आली, आत तांबं हिरवं होऊन पावडर झालं होतं आणि वरून रबर एकदम नव्यासारखं. म्हणून नुसतं पाहू नका, प्रत्येक जोड ओढून पाहा.

टेस्ट सोपी आहे. चावी ऑन, इंजिन बंद. सेंडरची वायर काढा, काटा थंडकडे गेला पाहिजे. तीच वायर एक-दोन सेकंद इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, काटा फुल गरमकडे गेला पाहिजे. दोन्ही बरोबर झालं तर मीटर आणि वायर ठीक, पण हे करताना कोणाला तरी वायरचा गठ्ठा हलवायला सांगा, कारण असे फॉल्ट हलवल्याशिवाय सापडत नाहीत. पेट्रोल इंजिन असेल तर आधी हॅच उघडून वास जाऊ द्या, ठिणगी पडते.

मग राहिला सेंडर. एक वायरवाला सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे मारले की अर्थ कमजोर होऊ शकतो, हे लय लोक करतात. काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगा, मल्टीमीटर लावा आणि गॅसवर हळूहळू तापवा. ओहम (विजेला होणारा अडथळा) सारखे उतरत गेले पाहिजेत, मध्येच उडी मारली तर सेंडर गेला. एका नेहमीच्या प्रकारात 40 डिग्रीला साधारण 290 ओहम आणि 90 ला 50 च्या आसपास येतात, पण सगळे सेंडर सारखे नसतात, नवीन घेताना मीटरशी जोडी जुळते का ते विचारूनच घ्या.

सगळं जोडलं की बोट काठालाच बांधून पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवा, लाइट, पंप, हॉर्न एकेक करून लावा अन काट्यावरच नजर ठेवा.