आकान कलावस्तू पाहताना या चुका टाळा

घानातल्या असांते लोकांचं कोरीव लाकडी आसन पाहून 'छान स्टूल आहे' म्हणत पुढे जाऊ नका. सगळ्यात मोठी चूक हीच. असांते हे पश्चिम आफ्रिकेतल्या आकान समाजातले, आणि त्यांच्या दृष्टीने बसणाऱ्याचा आत्मांश आसनात उतरतो. म्हणून वापरून झालं की ते आडवं करून ठेवतात, नाहीतर रिकाम्या आसनावर भलताच आत्मा येऊन बसायचा. थोर राजा गेला की त्याचं आसन काळं करून जपतात आणि पूर्वज म्हणून त्यापुढे अन्नपाणी ठेवतात.

साऱ्या असांते राष्ट्राचा आत्मा ज्यात आहे, ते सुवर्णासन म्हणजे 'सिका ड्वा कोफी'. कोफी हे शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं नाव, म्हणजे आसनालाही माणसासारखं वारावरून नाव आहे! त्यावर राजासुद्धा बसत नाही. १९०० साली ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने ते बसायला मागितलं आणि एजिसू गावची राजमाता 'या असांतेवा' हिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं. आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही.

'गोल्डवेट' नाव ऐकून त्या चिमुकल्या आकृत्या सोन्याच्या समजू नका. त्या असतात पितळेच्या, सोन्याची भुकटी तोलण्यासाठी केलेल्या. मेणाचा नमुना वितळवून ओतकाम करायचं, आपल्याकडच्या ढोकरा धातुकामासारखंच. एखादीचा तुकडा उडालेला दिसला तर लगेच 'खराब माल' म्हणू नका, वजन बरोबर यावं म्हणून तो मुद्दाम कापलेलाही असू शकतो. मागे मान वळवलेला पक्षी म्हणजे सांकोफा: विसरलेलं परत जाऊन आणण्यात गैर काही नाही.

गोल चपट्या डोक्याची 'अकुआबा' ही लाकडी बाहुली पाहिली की आपल्याला हमखास देवी वाटते. ती देवी नाही. मूल व्हावं म्हणून बाई तिला तान्ह्या बाळासारखी पाठीशी कापडात खोचून वागवते.

कापड घेताना केंते आणि आदिंक्रा यांची गल्लत नको. आदिंक्रा भोपळ्याच्या कवचाच्या ठशांनी, झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात छापतात, आणि ते मुळात शोकाचं वस्त्र. केंते अरुंद पट्ट्यांत विणून मग जोडतात. कापडावरून बोट फिरवा. चार-चार बोटांवर शिवण लागली नाही, तर ती बहुधा केंतेची छापील नक्कल आहे.