धानाच्या बांधीत टाकायचा गाळ तलावाच्या कोणत्या भागातून उचलावा? (मे महिन्यासाठी सल्ला)

भंडारा-गोंदियातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आता आटायला लागलेत आणि ट्रॅक्टर आत उतरू लागलेत. गाळ जरूर न्या. पण जेसीबीवाला सोयीचं म्हणून जिथे थांबेल तिथूनच भरून घेऊ नका. तलावात सगळीकडे गाळ सारखा नसतो.

हे जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी बांधले. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या सपाट मुलखात हलका उतार पाहून नाला अडवायचा आणि खालच्या अंगाला मातीची पाळ घालायची, ही त्यांची रीत. त्यामुळे तलाव नाल्याकडे उथळ आणि पाळीकडे खोल असतो. पावसाळ्यात नाल्याचं पाणी तलावात शिरलं की त्याचा जोर मोडतो. जड रेती तोंडाशीच बसते, बारीक चिकण कण पुढे खोल भागात जाऊन बसतात. रस्त्याजवळ पडतो म्हणून तोंडाशी साचलेला गाळ नेला, तर बांधीत रेतीच पडते.

उचलण्याआधी मूठभर ओला गाळ घ्या आणि अंगठा-बोटामध्ये दाबून त्याची पट्टी काढा. पट्टी लांब निघाली आणि तुटली नाही तर गाळ चांगला. करकर लागली, लगेच तुटली तर पुढे सरका. जमलं तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या.

सिहार किंवा खर्डीसारख्या हलक्या जमिनीत पाणी थांबत नाही, तिथे या गाळाचा खरा फायदा होतो. कन्हार आधीच भारी असते, तिथे ट्रॉलीचं भाडं वाया जातं.

खोदताना काळा गाळ संपून खालची घट्ट पिवळी माती किंवा मुरूम दिसला की थांबा. तो थर फुटला तर पाणी झिरपतं आणि रोवणीनंतर तुमच्याच बांधीला पाणी कमी पडतं. पाळीच्या पायथ्याला आणि तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) हात लावू नका. तलाव पेटीसारखा उभ्या काठांचा करू नका, उतरते काठ राहू द्या. देवधान (रानटी धान) आणि इतर पाणवनस्पती तिथेच उगवतात, मासोळीची पिल्लं तिथेच वाढतात. ढिवर बांधवांचं पोट त्यावर आहे, म्हणून ग्रामपंचायतीच्या परवानगीबरोबर मच्छीमार संस्थेशीही बोलून घ्या. खोल डोहात पाणी असेल तर तो उपसू नका.

बेशरम ही वनस्पती वाढलेल्या जागेचा गाळ टाळाच. तिच्या कांडीचा तुकडा ओल मिळताच मुळं धरतो, आणि मग ती बांधावर येऊन बसते.

पसरलेली ढेकळं महिनाभर तापू द्या, पहिल्या पावसाने विरघळली की आडवी नांगरट करून मिसळा. पऱ्हे (धानाची रोपं) टाकायच्या जागेत मात्र यंदाचा ताजा गाळ नको. तिथे ढेकळं राहिली तर पऱ्हे विरळ निघतात.