पैसे गेल्यावर मी काय केलं

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज दिसला तसा बँकेला फोन लावला. नंबर कार्डाच्या मागे छापलेला घेतला, कारण इंटरनेटवर शोधलं की खोटे हेल्पलाइन नंबरही सापडतात. कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घेतलं, तक्रार क्रमांक लिहून घेतला. ही घाई खरंच हवी. चोरलेले पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जातात. ते कुठेतरी अडकून आहेत तोवरच गोठवता येतात.

मग पोलिसांकडे सायबर तक्रार. मला फसवणाऱ्या माणसाला ब्लॉक करण्याआधी चॅट, लिंक, नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले होते. पोलिसांनी आधी विचारला तो व्यवहार क्रमांक.

त्या भामट्याने माझ्या फोनवर टाकायला लावलेलं स्क्रीन शेअरिंगचं ॲप (यातून माझा स्क्रीन त्याला दिसायचा) काढलं आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात.

कार्डावरून गेलेल्या रकमेसाठी बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मिळण्याचा, लेखी अर्ज दिला; ती परत आली. थेट ट्रान्सफर झालेल्यातली फक्त गोठवलेली रक्कम मिळाली, बाकीचा तपास चालू आहे.

मधेच एकाचा फोन आला: “तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा.” फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यातून हे फोन येतात. माझ्या मते ही चोरी पहिल्यापेक्षा क्रूर आहे, कारण माणूस तेव्हा आशेला लागलेला असतो. फी भरली नाही. तो नंबरही आधीच्याच तक्रारीत जोडून दिला.