जिबला रोलर फर्लिंग घरच्या घरी बसवायचं असेल तर

वीस-बावीस फुटी बोटीवर वारा वाढला की जिब, म्हणजे पुढचं शीड, उतरवायला कुणीतरी पुढे टोकाला जावं लागतं आणि गंगापूर धरणावर मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा उठला की हे काम जरा जास्तच रंगतं. रोलर फर्लिंग असलं की कॉकपिटमध्ये बसून दोरी ओढायची, शीड फोरस्टेभोवती, म्हणजे मास्टपासून (डोलकाठीपासून) बोटीच्या पुढच्या टोकाला येणाऱ्या वायरभोवती, गुंडाळलं जातं, विषय संपला. नाशिककरांना यात एक फायदा आहे, आपली बोट बहुतेक वेळ ट्रेलरवर, मास्ट आडवा, त्यामुळे मास्टवर चढून लटकत काम करायची गरज नाही, सगळं पार्किंगमध्ये दोन लाकडी घोड्यांवर ठेवून होतं.

आधी किट कोणतं ते ठरवा. हार्केन, फर्लेक्स, प्रोफर्ल यांच्या सिस्टीममध्ये फोरस्टेवर ॲल्युमिनियमचं फॉइल, म्हणजे शीड बसवायची खाच असलेली लांब पोकळ पट्टी, चढवतात, खाली दोरी गुंडाळायचा ड्रम, वर शिडाचं टोक धरून फिरणारं स्विव्हेल. चालतात मस्त, पण दर वेळी मास्ट खाली-वर करणार असाल तर फॉइल वाकायची धास्ती कायम राहते. सीडीआयच्या फ्लेक्सिबल फर्लरला फॉइलऐवजी लवचिक प्लास्टिकची अखंड पट्टी असते, हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) तिच्या आतच, त्यामुळे स्विव्हेलची भानगडच नाही. शर्यतवाले नाक मुरडतील, पण ट्रेलरवाल्याने तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत. बोट कायम मांडव्याला पाण्यात उभी असेल तर मात्र ॲल्युमिनियमचं घ्या. पुढचं त्याबद्दलच लिहितोय, कारण गोंधळ तिथेच होतो.

माप घेताना घाई नको. फोरस्टे काढून, ताणून, वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. जमिनीवर सैल पडलेली वायर मोजली तर माप चुकणारच. सोबत वायरची जाडी आणि दोन्हीकडच्या क्लेव्हिस पिनची (वायरचं टोक अडकवणाऱ्या पिनची) जाडी व्हर्नियरने घ्या, किट मागवताना या तिन्ही गोष्टी विचारतात. वायरचा एखादा जरी तंतू तुटलेला दिसला किंवा टोकाच्या फिटिंगला तडा दिसला तर जुन्यावर किट चढवू नका, आधी फोरस्टे बदला, कारण फॉइलच्या आत गेलेली वायर नंतर दिसतच नाही. आणि द्राक्षाच्या मांडवाची तार उरलीये म्हणून ती वापरायचा सल्ला आपल्याकडे कुणीतरी हमखास देतं, त्याला हात जोडा. इथे १×१९ विणीची एसएस ३१६ वायरच लागते. एखादी पिन किंवा टॉगल सातपूर-अंबडच्या कारखान्यात करून घेणार असाल तर मटेरियल ३१६ आहे हे तपासूनच घ्या, चुंबक लावून कळत नाही कारण ३०४ लाही तो नीट चिकटत नाही, मॉलिब्डेनमची टेस्ट मारायला सांगा. खाली-वर दोन्ही टोकांना टॉगल (सगळीकडे झुकणारा जोड) हवाच, नाहीतर शिडाच्या झोक्याने वायर एकाच जागी वाकून वाकून तुटते.

जोडणी तशी सोपी. फॉइलचे तुकडे ओळीने मांडायचे, वरचा तुकडा मॅन्युअलमधल्या मापाने हॅक्सॉने कापायचा, कडा कानशीने गुळगुळीत करायच्या म्हणजे शिडाची लफ टेप (पुढच्या कडेची, खाचेत सरकणारी पट्टी) अडकत नाही. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातो तिथे दोन धातूंमुळे गंजून झीज होते, म्हणून टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखी पेस्ट लावा, कनेक्टरच्या स्क्रूला कंपनीने लॉकटाइट सांगितलं असेल तर निळं. स्विव्हेल आधी ओवलंय ना हे टोक बंद करायच्या आधी बघा.

आता खरी मेख. फर्लिंग अडकलं की सगळे ड्रमला दोष देतात, पण बहुतेक वेळा भानगड वर असते. हॅलयार्ड फॉइलला जवळजवळ समांतर वर गेली की स्विव्हेलबरोबर तीही फॉइलभोवती पीळ खाते, त्याला हॅलयार्ड रॅप म्हणतात. शीड पूर्ण वर असताना स्विव्हेल फॉइलच्या टोकाजवळ असलं पाहिजे आणि तिथून दोरी साधारण ८ ते १० अंश मागे गेली पाहिजे. कोनमापक नसेल तर सोपं बघा, स्विव्हेलपासून ६० सेंमी वर दोरी फॉइलच्या रेषेपासून १० सेंमी लांब दिसली की काम झालं. मास्ट आडवा आहे तेव्हाच हे तपासून घ्या. कोन कमी पडला तर मास्टच्या पुढच्या बाजूला हॅलयार्ड रेस्ट्रेनर (दोरीला मास्टकडे धरणारी कडी) बसवतात, फक्त तो दोरी उगाच दाबून धरेल इतका खाली लावू नका. शीड आखूड असल्यामुळे स्विव्हेल खाली राहत असेल तर शिडाच्या वरच्या टोकाला वायरचा किंवा डायनिमा दोरीचा तुकडा जोडून उंची भरून काढा.

शिडाचे हँक (फोरस्टेला अडकवायचे हूक) काढून लफ टेप शिवावी लागते, फॉइलच्या खाचेला बसेल त्याच नंबरची. ताडपत्री शिवणाऱ्याकडे मशीन असतं, पण धागा तुम्ही न्या, यूव्ही पॉलिएस्टरचा, सुती धागा उन्हात कुजतो. मागच्या आणि खालच्या कडेला यूव्ही पट्टाही लावून घ्या, गुंडाळलेलं शीड दिवसभर उन्हातच असतं.

शीड गुंडाळल्यावर हा पट्टा बाहेर राहायला हवा आणि इथे बरेचजण गंडतात. पट्टा शिडाच्या डाव्या बाजूला असेल तर फर्लिंगची दोरी ड्रमच्या उजव्या अंगाने बाहेर काढून मागे न्यायची, उजव्या बाजूला असेल तर डाव्या अंगाने. ड्रममधून दोरी फोरस्टेला काटकोनात निघाली पाहिजे, त्यामुळे पहिला ब्लॉक (कप्पी) कुठे लावायचा ते डोळ्याने बघून ठरवा, मगच भोक पाडा. दोरी ६ मिमीची पुरते, लांबी बोटीच्या दुप्पट आणि वर दोन-तीन मीटर. शीड उघडं असताना ती ड्रमवर गुंडाळलेली असते, म्हणून शीड चढवायच्या आधी फॉइल हाताने फिरवून दोरी भरून घ्या. पूर्ण गुंडाळून शीट्सचे (शिडाचं मागचं टोक ओढून धरणाऱ्या दोऱ्यांचे) दोन-तीन वेढे बसल्यावरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक हवेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं आणि जास्त दोरी खातं.

मास्ट उभा करायच्या आधी वर बघा. महावितरणची तार जवळपास असेल तर ट्रेलर हलवा, ॲल्युमिनियमचा मास्ट तारेला लागला तर काय होईल ते सांगायला नको. उचलताना फॉइल मधे झोळ खाऊन वाकतं, म्हणून त्याला दोन-तीन जागी बांबू बांधा आणि एक माणूस फक्त फॉइल सांभाळायला ठेवा, त्याला दुसरं काही काम देऊ नका. उभा झाला की टॉगल, कॉटर पिन, टर्नबकल तपासा आणि बॅकस्टे (मास्टला मागून धरणारी वायर) असेल तर ताण द्या. फोरस्टे ढिला असेल तर कितीही महागडं किट जडच फिरतं.

पहिली चाचणी हलक्या वाऱ्यात. शीड उघडताना फर्लिंगची दोरी एकदम सोडू नका, हाताने थोडी रोखून धरा, नाहीतर ड्रममध्ये सैल वेढे एकमेकांवर चढून अडकतात. गुंडाळताना जड लागलं तर विंच लावायचा नाही, आधी मान वर करून हॅलयार्ड बघायची, विंचने जोर लावला की फॉइल पिळतं किंवा वायर तुटते. अर्धं शीड गुंडाळून चालवणार असाल तर शीटचा ब्लॉक थोडा पुढे सरकवा. समुद्रावरून आल्यावर बेअरिंग गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, प्लास्टिकच्या गोळ्या असलेल्या बेअरिंगला ते लागत नाही, उलट धूळ धरतं. आणि हे धुणं-पुसणं घरी करा, गंगापूरचं पाणी आपणच पितो.