पांढऱ्या गाडीसाठी पॉलिश घेताना आधी डाग ओळखा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी स्टोअर बघते. आमचं पार्किंग फेटलिंग शॉपच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात त्या विभागाच्या, मागच्या अंगाला आहे. दिवसभर तिथे कास्टिंगा ग्राइंड होत असतात, पलीकडे शॉट ब्लास्टिंग चालू, आणि वारा नेमका गाड्यांच्या दिशेने. काळ्या गाडीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, कारण त्यांना काही दिसतच नाही. माझ्या पांढऱ्या गाडीच्या डिकीवर आणि दारांच्या खालच्या भागावर मात्र तांबूस ठिपके उठतात आणि गेटवरचे मामा म्हणतात, “मॅडम, गंज चढला की ओ गाडीला!”

तो गंज गाडीच्या पत्र्याचा नसतो. बाहेरून उडालेला लोखंडाचा बारीक कण पेंटवर रुततो आणि दमट हवेत तोच गंजतो. फौंड्री जवळ नसली तरी ब्रेक पॅडची धूळ, रेल्वे रूळ, वेल्डिंगचं दुकान यांतून असे कण येतातच. शांपूने ते जात नाहीत, पॉलिशने घासले तर कण पॅडखाली फिरतो आणि ओरखडे काढतो. यावर उपाय आयर्न रिमूव्हरचा. घेताना बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलंय का ते बघा. धुतलेल्या, थंड पत्र्यावर सावलीत फवारायचा. लोखंड भेटलं की तो जांभळा होऊन खाली ओघळतो. पांढऱ्या गाडीवर हे इतकं स्पष्ट दिसतं, की कुठे अजून फवारायचं ते विचारावं लागत नाही. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये हे काम नको, हातमोजे घाला. आमच्याकडचे काही जण बाथरूमचं ॲसिड पाणी घालून वापरतात. पत्र्याचं, क्रोमचं आणि रबराचं वाटोळं करायचं असेल तर जरूर वापरा.

दुसरा डाग डांबराचा. हायवेच्या रुंदीकरणात कागल ते सातारा गाडी चालवलेल्या कुणालाही चाकांमागचे काळे ठिपके सांगायला नकोत. त्यासाठी टार रिमूव्हर मिळतो. फडक्यावर घेऊन ठिपक्यावर थोडा वेळ धरायचा, मग अलगद पुसायचं. रॉकेलनेही डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर नवी धूळ चिकटते, म्हणून लगेच शांपू हवाच. नुकत्याच पेंट केलेल्या भागावर यांतलं काहीच लावू नका. तिथे वॅक्स कधी चालेल तेही पेंटरलाच विचारा, पेंट पुरता सुकायला काही आठवडे लागतात.

तिसरा प्रकार आपल्या भागातला. गळीत हंगामात शेतकरी उसाचा पाला पेटवतात आणि सकाळी गाडीवर काळ्या काजळीच्या काड्या पडलेल्या असतात. कोरड्या फडक्याने त्या झटकायचा मोह होतो. काजळी पसरून राखाडी पट्टे उमटतात, सोबतची धूळ ओरखडे काढते ते वेगळंच. आधी पाण्याचा मारा, मग शांपू. पॉलिशचा इथे काही संबंध नाही.

एवढं झालं की प्लास्टिकची पातळ पिशवी हाताला गुंडाळून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार घ्या, म्हणजे रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, ‘फाइन’ लिहिलेली. क्लेसाठीचं पातळ, निसरडं द्रव भरपूर फवारून बार फिरवायचा, वेळोवेळी मळून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी. क्ले केल्याने बारीक धूसर खुणा पडू शकतात. काळ्या गाडीला त्यानंतर पॉलिश करावंच लागतं. पांढऱ्या, क्रीम किंवा सिल्व्हर गाडीवर त्या खुणा सहसा नजरेत येत नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा पॉलिशचा टप्पा गाळता येतो.

पॉलिशविषयी मी जरा कंजूस आहे, आणि त्याला कारण आहे. कारखान्यात लागलेल्या रंगाचा सगळा थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉनचा असतो. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. उन्हापासून राखणारा भाग तोच. दरवर्षी ‘रबिंग-पॉलिशिंग’च्या नावाखाली गॅरेजवाले जे मशीन फिरवतात, ते त्यातूनच थोडं थोडं काढत असतं. आमच्या स्टोअरमध्ये एमरीच्या कागदाचे नंबर बघून माल देतो, तीच नजर इथे ठेवा. बाटलीवर ‘कट’ (किती खरवडतं) आणि ‘फिनिश’ किंवा ‘ग्लॉस’चे (किती चमक देतं) आकडे असतील तर कट कमीत कमी असलेली घ्या. ‘हेवी कट’, ‘रबिंग कम्पाउंड’ हे शब्द दिसले की बाटली परत ठेवा. ते खोल ओरखड्यांसाठी आहे, आणि पांढऱ्यावर ओरखडे सहसा तितके नजरेत येत नाहीत. पांढऱ्याला उपयोगी पडतं ते क्लीनर वॅक्स, म्हणजे मळ काढणारं सौम्य पॉलिश आणि वर पातळ संरक्षण, एकाच डब्यात. दाराच्या हँडलमागचे नखांचे काळपट डाग, नंबरप्लेटभोवतीचा पिवळेपणा याने निघतो. हाताने, मऊ स्पंजने, एका वेळी दोन वीत भाग.

जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा. अशा गाडीवर बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागते. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हात भोवतालचा बाइंडर खराब करतं आणि रंग सुटा होतो. ही गाडी पॉलिशने छान परत येते, फडकं पांढरं झालं म्हणून घाबरू नका. पर्ल व्हाइटला, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेल्या पांढऱ्याला, मात्र कडा आणि कोपरे कधीही जोरात घासू नका. तिथे रंगाचे तीन थर असतात आणि एखाद्या ठिकाणी उघडं पडलं तर जुळणारा रंग लावणं महागात जातं.

आता वॅक्स, ज्याच्या डब्यावर दुकानदाराचा सगळ्यात जास्त जीव. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे, 82 ते 86 अंशांना वितळतं. ‘100 टक्के कार्नोबा’ वाचून भुलू नका, निव्वळ कार्नोबा इतकं कडक असतं की ते गाडीवर पसरवताच येणार नाही. आत सॉल्व्हंट आणि इतर घटक असतातच. काळ्या-लाल गाडीला त्याची ओलसर, खोल झाक शोभते. पांढऱ्यावर ती झाक दिसत नाही, टिकतं जेमतेम महिना-दोन महिने, आणि कोल्हापूरच्या पावसात त्याहून कमी. माझी पसंती सिंथेटिक पॉलिमर सीलंटला, म्हणजे मेणाऐवजी लावायच्या कृत्रिम संरक्षक थराला. चार-सहा महिने जातो, पांढऱ्याला स्वच्छ, थंड चमक देतो. साइड मिररच्या खाली पावसाने ओघळणारे काळे पट्टेसुद्धा त्यावरून साध्या धुण्याने निघतात. मेणाचाच आग्रह असेल तर मेण आणि पॉलिमर एकत्र असलेलं घ्या. कोलिनाइट 845 तसंच आहे. त्याच्या नावातच ‘इन्सुलेटर वॅक्स’ आहे, विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरसाठीचं. पांढऱ्या रंगाचं मेण ‘पांढऱ्या गाडीसाठी’ म्हणून मिळतं, ते मी घेत नाही. दारांच्या फटीत आणि काळ्या प्लास्टिकवर अडकून बसतं.

पांढऱ्यावर पांढरा थर लावताना आपण कुठे लावला तेच कळत नाही. खिडकीजवळ किंवा तिरप्या उजेडात उभे राहा. लावायचा पातळ, सुकला की वेगळ्या कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचा. मी तो मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरीआधी लावते, आणि दुसरा हात दिवाळीच्या आसपास, काजळी सुरू व्हायच्या आत. बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावून घ्या. डाग लागलाच तर सुकण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, नंतर तो दातघासणीने उकरावा लागतो.