शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य पडताळणी कशी करावी

शिपाई, सफाई कामगार, बसचालक, मदतनीस आणि सुरक्षारक्षक यांचा मुलांशी येणारा संबंध अनेकदा वर्गाबाहेर, कोणाच्या देखरेखीशिवाय येतो. म्हणून त्यांची पडताळणी लेखी संमती घेऊन नेमणुकीपूर्वीच पूर्ण करावी. ओळखपत्र मूळ प्रतीवरून तपासावे आणि पूर्वीची नावे व पत्तेही नोंदवावेत, कारण केवळ सध्याच्या पत्त्यावरून झालेल्या पोलीस पडताळणीत अन्यत्र घडलेले उघड होईलच असे नाही. चालकाचा परवानाही पाहावा.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पूर्वीच्या नोकरीच्या चौकशीकडे. पोलिसांचा दाखला नोंदवलेल्या गुन्ह्यांपुरताच असतो. तक्रार दाबून राजीनामा घेतला गेला असेल, तर ते त्यात दिसत नाही. म्हणून उमेदवाराने दिलेल्या मोबाइल क्रमांकावर विसंबून न राहता पूर्वीच्या संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर बोलावे. नोकरी का सुटली, मुलांशी वर्तनाबाबत तक्रार होती का आणि त्या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का, हे थेट विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. नोकऱ्यांमधील खंडाचे स्पष्टीकरणही मागावे, मात्र आजारपण किंवा घरची जबाबदारी ही प्रामाणिक कारणे असू शकतात, त्यामुळे विचारण्याचा सूर आरोपाचा नसावा.

कंत्राटदारामार्फत आलेल्यांना आणि बदली कामगारांनाही हेच नियम लावावेत. प्रतिकूल नोंद आढळल्यास गुन्ह्याचे स्वरूप, उलटलेला काळ आणि कामाशी असलेला संबंध पाहून, उमेदवाराचे म्हणणे ऐकून निर्णय घ्यावा. मुलांवरील अत्याचाराच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. कागदपत्रे गोपनीय ठेवावीत आणि पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करावी.