आण्णांचा टीव्ही: आधी खुर्ची मोजा

आण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, पंच्याहत्तरी जवळ आली तसं आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं, मोठा टीव्ही घ्यायचा. ठरवायला पाच मिनिटं लागली. त्यानंतर तीन आठवडे मी काय काय तपासलं ते इथं लिहून ठेवतेय, कारण इचलकरंजीला सासऱ्यांसाठी घेतलेला टीव्ही मी पाच मिनिटांतच घेतला होता. तो घरी आल्यावर कळलं की त्याचे दोन पाय टेबलाच्या दोन्ही कडांच्या बाहेर जातात. सुतार मिळेपर्यंत नऊ दिवस टीव्ही खोक्यातच भिंतीला टेकून उभा होता, आणि सासरे रोज सकाळी खोक्यावरचं चित्र बघून जायचे.

तर पहिलं काम घरातलं. टेप घ्या आणि ज्यांच्यासाठी टीव्ही आहे ते खरोखर कुठं बसतात ते बघा. आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेच्या घरात सोफा आहे, पण त्यावर पाहुणे बसतात नाहीतर वाळलेले कपडे. आण्णा खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत. तिथून भिंत बरोबर नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. माझा हिशेब सोपा आहे. बघणं जास्त करून फोरके, म्हणजे एकदम बारीक ठिपक्यांचं स्पष्ट चित्र असेल तर या आकड्याला दीडनं भागा, साधं केबल असेल तर दोननं. पहिल्या हिशेबानं ७२ इंच येतात, दुसऱ्यानं ५४. आण्णांचं बारा आणे बघणं केबलवरचं, बातम्या आणि कीर्तन. म्हणून ५५ इंच. भाऊ ६५ साठी हटून बसला होता, त्याला पुढचं गणित सांगितलं तेव्हा गप्प झाला.

साध्या केबलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे चार लाखांहून थोडे जास्त. फोरके पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. एका ठिपक्याला वीस ठिपक्यांची जागा भरायची. कणीक तेवढीच आणि पोळी परातीएवढी लाटायची, तर ती कुठंतरी फाटणारच. दुकानात फिरत्या कॅमेऱ्याचा जो देखावा बघून आपण खूश होतो तो खऱ्या फोरकेचा असतो. घरच्या केबलवर तोच टीव्ही निवेदिकेचा चेहरा मेणाचा करतो. म्हणून टीव्हीच्या आधी केबलवाल्याला फोन करून एचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा बॉक्स सांगा. महिन्याला थोडे पैसे जास्त जातात, पण टीव्हीच्या किमतीत दहा हजार वाढवून जे मिळत नाही ते यात मिळतं.

आकार डोळ्यांना पटवायला जुने पेपर काढा. ‘पुढारी’चे कागद चिकटपट्टीनं जोडून १२२ बाय ६९ सेंटिमीटरचा चौकोन कापला, म्हणजे चार फूट बाय सव्वादोन फूट. हा ५५ इंची. ६५ इंचीला १४४ बाय ८१ लागतात. चौकोन भिंतीवर लावला आणि आण्णा आंघोळ करून बाहेर आले. दोन मिनिटं बघत उभे राहिले. मग म्हणाले, “एवढं थोरलं कशाला आणालाईस गं? भिंत झाकायची हाय व्हय?” गुपित तिथंच फुटलं. पण फुटलं ते बरं झालं. या वयात अचानक समोर आलेली वस्तू आवडली नाही तरी माणसं बोलत नाहीत, नुसती वापरायची सोडून देतात. आण्णांनी तर कागद स्वतः काढून चार बोटं खाली लावला.

ते चार बोटं खाली बरोबरच होतं. बसल्यावर डोळे जिथं येतात तिथं पडद्याचा मध्य यावा. आण्णांचे डोळे खुर्चीत जमिनीपासून ३८ इंचांवर येतात, म्हणजे ५५ इंची टीव्हीची खालची कड साधारण दोन फुटांवर हवी. खानावळीत लावतात तसा दाराच्या वर टांगलेला टीव्ही जेवता जेवता ठीक आहे, रोज चार तास मान वर करून नाही. तेवढ्यात जुना टीव्ही बंद करून त्याच्या काळ्या काचेत काय दिसतंय तेही बघून घ्या. आमच्या काचेत खिडकी अख्खी दिसत होती, तिच्यातल्या तगरीच्या कुंडीसकट. नव्या टीव्हीतही दुपारी तीच कुंडी दिसणार, म्हणून जाड पडद्याचं कापड त्याच दिवशी आणलं.

भिंत कसली आहे ते ठोकून बघा. पेठांतल्या जुन्या घरांत पुढचा भाग विटांचा आणि मागचा पांढऱ्या मातीचा असतो, वरून गिलावा सारखाच. ड्रिल मारल्यावर लाल भुकटी आली तर वीट, नुसती माती भसाभसा यायला लागली तर तिथं काही टांगू नका. टीव्ही बसवायला येणारा पोरगा स्क्रू पिळून मोकळा होतो. दोन पावसाळ्यांनी भिंतीला ओल आली की स्क्रू सुटतो आणि पंधरा किलोचा टीव्ही खाली. अशा भिंतीला सरळ टेबल घ्या. आणि टेबल घेताना त्या मॉडेलच्या दोन पायांमधलं अंतर बघून घ्या. माझी इचलकरंजी झाली तशी तुमची होऊ नये. ५५ इंचीचे पाय बऱ्याचदा तीन फुटांहून लांब असतात. भिंतीवरच लावणार असाल तर मागच्या भोकांचं माप लिहून घ्या, ते मिलिमीटरमध्ये असतं, २०० बाय २०० किंवा ३०० बाय ३०० असं. ब्रॅकेट त्याच मापाचं लागतं.

पुराच्या पट्ट्यात घर असेल तर हे वाचाच. माझी मावशी कुंभार गल्लीत राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तिच्या घरात पाणी आलं. पहिल्या वेळी टीव्ही भिंतीला असा काही आवळून बसवलेला होता की पान्हा सापडेपर्यंत पाणी उंबऱ्यात, आणि टीव्ही तिथंच राहिला. दुसऱ्या वेळी तिनं उचलून काढता येईल असं ब्रॅकेट लावलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. मावशी ३९ ची बातमी आली की शेजारच्या पोराला हाक मारते, टीव्ही दोन मिनिटांत माळ्यावर. खोकं आणि थर्मोकोल तिनं टाकून दिलेलं नाही, तुम्हीही टाकू नका. वॉरंटीत पुराचं पाणी बसत नाही, फुटलेला पडदाही बसत नाही.

आता वाट. ६५ इंचीचं खोकं पाच-सव्वापाच फूट लांब असतं, आणि टीव्ही उभाच न्यायचा असतो, आडवा झोपवायचा नाही. वाड्याचा लाकडी जिना वळणाचा असेल तर वळणावर टेप धरून बघा. आमच्या गल्लीत टेम्पो येत नाही. दुकानदाराला आधी सांगितलं नाही तर माणसं कोपऱ्यावर खोकं ठेवून जातात.

विजेचं थोडक्यात. आजचे बहुतेक टीव्ही कमी-जास्त दाब बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळं दुकानदार गळ्यात मारतो तो स्टॅबिलायझर सरसकट लागत नाही. खरा वैरी वळीव. एप्रिल-मे मधल्या संध्याकाळी कडाडायला लागलं की प्लग काढायचा आणि डिशची किंवा केबलची वायरही काढायची, वीज त्या वायरीतूनही येते. बटण नुसतं बंद करून भागत नाही. बोर्ड खुर्चीत बसून हात पोचेल असा, नाहीतर किमान वाकावं न लागेल असा घ्या.

एवढं झाल्यावर दुकान. राजारामपुरीत आणि स्टेशन रोडला मिळून आम्ही तीन दुकानं फिरलो, आण्णांना घेऊन. जुन्या किमती डोक्यात धरून जाऊ नका: ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे. कराआधी ५० हजारांचा टीव्ही तेव्हा ६४ हजारांना पडायचा, आता ५९. पाडव्याच्या मुहूर्तावरच हवा असेल तर चार दिवस आधी पैसे भरून ठेवा आणि त्या दिवशी फक्त घरी आणा. पाडव्याला दुकानात कोण कुणाला उभं करत नाही.

एका दुकानात विक्रेता क्यूएलईडी, ओलेड, मिनी एलईडी असं भडाभडा बोलत होता. आण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात आमचं केबल लावून दाखवा की.” तो म्हणाला, इथं केबल नाही. आम्ही बाहेर. दुसऱ्या दुकानात लावून दाखवलं, तिथंच घेतला. तुम्हीही हे मागा. शिवाय चित्राचा मोड दुकानातला भडक असतो, तो साध्यावर आणायला सांगा. आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रात्री त्या भडक उजेडानं त्यांचे डोळे चुरचुरतात. मग पडद्याच्या बाजूला चालत जा. हे मी आईसाठी केलं. आई टीव्ही कधी समोरून बघत नाही; स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून, मांडीवर पावट्याच्या शेंगा सोलत, पार तिरकी बसते. काही पडद्यांवर तिथून रंग पांढरे पडतात, आयपीएस नावाच्या पडद्यावर कमी पडतात. समोरून काळा रंग मात्र त्या पहिल्या पडद्यांचाच जास्त गडद. घरात तिरकं कोण बसतं त्यावर हे ठरवा.

आवाजाकडं कुणी लक्ष देत नाही, आणि वय झालेल्यांना खरी अडचण तिथंच असते. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर खाली तोंड करून बसले. मग संवाद पुटपुटल्यासारखे आणि जाहिराती दणदणीत. दुकानात बातम्या लावून पाठमोरे उभे राहा आणि शब्द कळतात का ते ऐका. नाही कळले तर दोन-चार हजार बाजूला काढून छोटा साउंडबार, म्हणजे पट्टीसारखा वेगळा स्पीकर घ्या, तो एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत लागतो. ५५ वरून ६५ वर जाण्यापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतात.

आणि रिमोट हातात घ्या. नव्या बऱ्याच रिमोटवर आकडेच नसतात. आण्णांना चॅनेलची नावं येत नाहीत, आकडे येतात, आणि ते बघता बघता अंगठ्यानं दाबले जातात. आमच्याकडं केबलचा रिमोट कायम राहिला, टीव्हीचा फक्त यूट्यूबपुरता. दोघांवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या.

बिल आण्णांच्या नावानं, पण मोबाईल नंबर घरात राहणाऱ्याचा. तक्रार नोंदवली की ओटीपी त्या नंबरवर येतो. माझा पुण्यातला नंबर दिला असता तर दरवेळी माझी मीटिंग मोडली असती. बिनव्याजी हप्ता म्हणतात तेव्हा प्रोसेसिंग फी किती ते विचारा, ती वेगळी असते. टीव्ही घरी आला की खोकं फोडताना भावानं मोबाईलवर शूटिंग केलं, आणि पडदा लावून पाहिल्यावरच पोच दिली.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी. यूट्यूबचं खातं तुमच्या फोनवरून नव्हे, घरच्या फोनवरून जोडा, नाहीतर तुमचा इतिहास आण्णांना दिसतो आणि कीर्तनं तुमच्या फोनवर येतात. आणि चित्राचं माप तपासा. आमच्या कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओच्या काळातले कृष्णधवल चित्रपट चारास तीन मापाचे. नव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि ५५ इंचीवर चित्र ४५ इंचाचं उरतं. बसवणाऱ्या पोरानं ते ताणून सगळा पडदा भरून दिला होता. आण्णा दोन दिवस बघत राहिले, तिसऱ्या दिवशी फोन आला. “सगळी माणसं जाडी दिसालीत गं. पैलवान ठीक हाय, पण नायिका बी?” फोनवरून ते मूळ मापावर आणायला पाऊण तास गेला. बसवणारा घरात असतानाच हे करून घ्या.

राहिला जुना ३२ इंची. दुकानदार एक्स्चेंजला इतके किरकोळ पैसे देत होता की आईनं तो स्वयंपाकघरात मागून घेतला, कारण आण्णांची कुस्ती आणि तिची मालिका एकाच वेळी असते. त्यासाठी केबलचं दुसरं कनेक्शन लागतं. ते टीव्ही आणायच्या आधीच सांगून ठेवा, आमचा केबलवाला आज येतो म्हणून अजून आलेला नाही.